कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचं (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवायचं) तर पाण्याचं कूलिंगच हवं. पटतंय का?

राजारामपुरी_रेंडर
विरोध असेल तर कारण देऊन करा. आरटीएक्स ३०८० सारखं ३२० वॅटचं कार्ड ओव्हरक्लॉक करून तासन्‌तास रेंडरला (थ्रीडी चित्रं, व्हिडिओ तयार करायला) लावायचं असेल तर एअर कूलिंग पुरत नाही. एप्रिल-मेत दुपारी बाहेर ३७-३८ अंश असतं, स्लॅबखालची खोली तर आणखी तापते. कार्ड तापेल तसा एनव्हिडियाचा बूस्ट (कार्डचा वेग आपोआप ठरवणारी सोय) साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, उतरवतो. सकाळी जमवलेला ओव्हरक्लॉक दुपारी हातात राहत नाही.
खरी गोची मेमरीची. या कार्डवरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांजवळ पोचली की कार्ड वेग कमी करतं, आणि चिप ७० दाखवत असताना मेमरी शंभरीपार असू शकते. फुल कव्हर वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) चिप, मेमरी, व्हीआरएम (चिपला वीज पुरवणारे भाग) सगळ्यांवर बसतो.

उद्यमनगर_सीएनसी
नाही पटत भावा. पाणी उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत नेतं. ते ३२० वॅट शेवटी त्याच खोलीत सुटतात. खोली ३६ वर असेल तर पाणी ३६ च्या खाली जाणार नाही. आधी खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसव, मग ब्लॉकचं बघू.
दुसरं म्हणजे ३०८० बहुतेक वेळा पॉवर लिमिटलाच (कार्डला ठरवून दिलेल्या विजेच्या मर्यादेला) अडकतं. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच क्लॉकला व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर तिची वीज जवळपास एक पंचमांशानं घटते. अंडरव्होल्ट कर, मेमरीचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) चांगले टाक. लूपच्या (ब्लॉक, पंप, नळ्या, रेडिएटर या सगळ्याच्या) पैशात वरच्या वर्गाचं कार्ड येतंय काय, तेही बघ.

कसबा_बावडा
गळीत हंगामात कारखान्याची काजळी घरात येते, ती हीटसिंकमध्ये (हवेच्या कूलरच्या धातूच्या पात्यांत) बसते आणि रेडिएटरमध्येही. हीटसिंक ब्लोअरनं पाच मिनिटांत साफ होतो. माझं मत हवेला.

कळंबा_रोड
पावसाळ्याचं कुणी बोलंना. आपल्याकडं जुलैत भिंतीसुद्धा ओल्या असतात. पाण्याच्या नळ्यांवर दव धरून मदरबोर्ड जाईल.

राजारामपुरी_रेंडर
@कळंबा_रोड, दव धरायला पृष्ठभाग दवबिंदूखाली जावा लागतो. साध्या लूपमधलं पाणी खोलीपेक्षा थंड होतच नाही, त्यामुळं जुलैतही दव धरत नाही. ती भीती चिलर (पाणी खोलीपेक्षा थंड करणारं यंत्र) लावणाऱ्यांनी बाळगावी.
@उद्यमनगर_सीएनसी, अंडरव्होल्टचं मान्य, मी पाण्यावरही तेच करतो. पण ३६ च्या खोलीत मोठ्या हवेच्या कूलरवर चिप पंचाहत्तरीत जाते, चांगल्या लूपवर पन्नाशीत किंवा थोडी वर. थंड चिपमध्ये गळतीचा करंट (चिपमधून वाया जाणारी वीज) कमी असतो, म्हणून त्याच पॉवर लिमिटमध्ये क्लॉकला जास्त वीज उरते. हा फरक अंडरव्होल्टनं भरून निघत नाही.

उद्यमनगर_सीएनसी
मिळणारा फायदा काही टक्क्यांचा, आणि जोखीम केवढी? तांब्याचा ब्लॉक आणि स्वस्तातला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आमच्या भागात धातूचं काम करणाऱ्या कुणालाही विचार. पंख्याचं बरं असतं, तीनातला एक बंद पडला तरी दोन फिरतात. पंप एकच. रात्रभर रेंडर लावून झोपणाऱ्यानं त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

राजारामपुरी_रेंडर
पंप थांबला तर कार्ड आधी क्लॉक पाडतं, तरी तापत राहिलं तर बंद होतं. रेंडर वाया जाईल, कार्ड वाचेल. धातूचं तू म्हणतोस ते शंभर टक्के खरं, म्हणून रेडिएटरही तांब्याचाच घ्यायचा आणि आत गंजरोधक कूलंट. नळाचं पाणी कधीच नाही. पाणी गळायची भीती मलाही आहे. म्हणून लूप भरल्यावर मदरबोर्डला, कार्डला वीज न देता नुसता पंप रात्रभर चालवायचा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा. सकाळी एकही कागद ओला दिसला तर तो जोड उघडून पुन्हा बसवायचा आणि चाचणी पहिल्यापासून.

उद्यमनगर_सीएनसी
एवढी निगा दरवर्षी कूलंट बदलताना घेणार असशील तर घाल पाणी. माझ्या दुकानातलं मशीन हवेवरच राहणार.