मदत हवी आहे: ठेकेदारामार्फत केलेलं काम इंग्रजी बायोडेटात कसं लिहावं?

धाकट्या भावाचा बायोडेटा इंग्रजीत करतेय आणि अनुभवाच्या रकान्यावर गाडी अडली आहे. त्याचा आयटीआय मशिनिस्ट झालाय, अप्रेंटिसशिप पूर्ण, एनएसी (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र) हातात. २०२१ पासून चाकणच्या एका कारखान्यात व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित मशीनवर) आहे, पण ठेकेदारामार्फत. पगाराची स्लिप, पीएफ सगळं ठेकेदाराच्या नावाने, आणि अनुभवपत्रात हुद्दा 'हेल्पर'.

प्रत्यक्षात तो जॉब (घडवायचा भाग) मशीनवर सेट करतो, मशीनच्या फानुक कंट्रोलवर टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) देतो, पहिला पीस बोअर गेज आणि मायक्रोमीटरने मोजून क्वालिटीकडून पास करून घेतो, मगच लॉट सुरू होतो. प्रोग्रॅम मात्र स्वतः लिहीत नाही.

'व्हीएमसी सेटर' लिहिलं तर पत्राशी जुळत नाही, पडताळणीत अडकेल. नुसतं 'हेल्पर' लिहिलं तर एवढं कसबी काम मातीमोल होतं, याचंच जास्त वाईट वाटतं. नेटवरचे नमुने बघितले. सगळीकडे 'रिस्पॉन्सिबल फॉर', त्यातून माणूस नेमकं काय करतो ते कळत नाही. पत्र बदलून मागितलं, ठेकेदाराने नकार दिला. खोटं काही लिहायचं नाही, हे पक्कं. अर्ज पुण्यातल्याच कंपन्यांत करायचेत.

भरतीचं काम करणाऱ्यांनी कृपया सांगावं: हुद्दा पत्रातलाच ठेवून खाली 'परफॉर्म्ड जॉब सेटिंग अँड टूल ऑफसेट करेक्शन' असं लिहिलेलं चालेल का? आणि कंपनीच्या जागी ठेकेदाराचं नाव देऊन कारखान्यासाठी 'डिप्लॉइड ॲट' लिहावं, की दुसरा काही शब्द रूढ आहे?