मितोमाची हवा एवढी का?

जपानचा फुटबॉलपटू काओरू मितोमा याची इंटरनेटवर एवढी हवा केवळ जपानी चाहत्यांच्या संख्याबळावर आहे, असं कुणी म्हटलं की ते मला अर्धंच पटतं. संख्याबळ आहेच, पण शेअर करावं असं काहीतरी खेळाडूनेही द्यावं लागतं ना!

कतारचा वर्ल्डकप आठवा. १ डिसेंबर २०२२, जपान विरुद्ध स्पेन. चेंडू बाहेर गेलाच असं वाटत असताना मितोमाने तो डाव्या पायाने आत ओढला आणि त्याचा सहकारी तानाकाने गोल केला. बाजूने बघितलं तर चेंडू आणि रेषा यांच्यात सरळ हिरवळ दिसते. वरून काढलेल्या फोटोत मात्र चेंडूची कड रेषेवर जेमतेम येते, म्हणजे नियमाने चेंडू अजून आतच. व्हीएआरने (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) गोल दिला, जपान २-१ ने जिंकला आणि त्याच गटातली जर्मनी घरी गेली. मग काय, जर्मन चिडलेले, जपानी खूश आणि मधे फूटपट्ट्या घेऊन बसलेले भूमितीवाले! 'मितोमाचा एक मिलिमीटर' तेव्हापासून जपानमध्ये सगळ्यांच्या तोंडी बसला.

शिवाय माणसाची गोष्टही भारी आहे. कावासाकी या जपानी क्लबची व्यावसायिक संधी बाजूला ठेवून हा आधी त्सुकुबा विद्यापीठात गेला आणि प्रबंध लिहिला तोही ड्रिब्लिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकवण्यावर. खेळाडूंच्या डोक्याला कॅमेरे लावून त्यांची नजर कुठे असते ते तपासलं म्हणे. अशी माहिती मीमवाल्यांना आयतीच मिळते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रायटन क्लबकडून त्याने केलेला चेल्सीविरुद्धचा गोल कुणी पाहिला नसेल तर आधी तो बघा. गोलकीपरची लांबलचक किक, खांद्यावरून येणारा चेंडू आणि तो पहिला टच! वाद नंतर घालू.