गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडू मुलाला वडिलांनी नेमकी कशी साथ द्यावी?

चढाईपटूचे वडील:
माझा १९ वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. चढाईवरून परतताना पाय मॅटवर अडकला, गुडघा आत वळला आणि गुडघा स्थिर ठेवणारे एसीएल लिगामेंट (स्नायुबंध) पूर्ण तुटल्याचे एमआरआयमध्ये दिसले. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले असून, त्याला पुढच्या महिन्यातील निवड चाचणीला उतरायचेच आहे. नातेवाईक ब्रिटिश धावपटू डेरेक रेडमंडची बार्सिलोना ऑलिंपिकमधील चित्रफीत पाठवतात आणि ‘बाप असावा तर असा’ म्हणतात. मी त्याला हिंमत द्यावी की आवरावे?

धावपट्टी:
ती चित्रफीत बहुतेक जण अर्धीच पाहतात. १९९२च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत डेरेकच्या मांडीमागचा स्नायू फाटला. तो लंगडत पुढे निघाला, तेव्हा वडील जिम सुरक्षारक्षकांना बाजूला सारून मैदानात उतरले. पण त्यांनी पहिल्यांदा सांगितले ते हे, की तुला हे करण्याची गरज नाही. मुलाने शर्यत पूर्ण करायचीच असे ठरवल्यावर मग त्यांनी खांदा दिला. म्हणजे थांबण्याची मोकळीक वडिलांनी दिली आणि निर्णय मुलाचा राहिला. आणखी एक गोष्ट कोणी पाठवत नाही: तुमच्या मुलाच्याच वयात, १९८५ साली, ब्रिटिश विक्रम करणाऱ्या या धावपटूला १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये टाचेमागच्या स्नायुबंधाच्या दुखापतीमुळे शर्यतीच्या काही मिनिटे आधी माघार घ्यावी लागली होती. त्यानंतर अनेक शस्त्रक्रिया सोसून तो १९९१मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ४ गुणिले ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात धावला. जिद्द पाहायचीच असेल, तर ती मला त्या तीन वर्षांत अधिक दिसते.

फिजिओताई:
दादा, इतक्यात निवड चाचणी नकोच. बसवलेला नवा स्नायुबंध शरीरात रुजून लिगामेंटसारखा पक्का व्हायला बराच काळ लागतो, आणि घात असा की सूज व दुखणे त्याच्या कितीतरी आधी थांबते. त्यामुळे मुलाला आपण बरे झालो असे मनापासून वाटते. अचानक दिशा बदलण्याच्या खेळात नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्या तरुण खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच वाढतो. शिवाय नुसते महिने मोजून भागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के झाली आहे का आणि एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो का, हे तपासून घ्या. कबड्डीत तर घोटा पकडला गेल्यावर सगळा पीळ गुडघ्यावरच येतो.

चढाईपटूचे वडील:
ताई, हे मी सांगितले तर त्याला वाटते की बाबांचा आपल्यावर विश्वास उरला नाही.

जुना खेळाडू:
मग ‘नाही’ आपण म्हणूच नका. त्याला घेऊन फिजिओकडे जा, तपासणीचे आकडे त्याच्यासमोरच येऊ द्या आणि परतण्याची तारीख त्यालाच त्यांच्याशी बोलून ठरवू द्या. तरुण मुले बापाचे ऐकणार नाहीत, पण आकड्यांशी फार वेळ भांडत नाहीत. व्यायामाला मात्र सोबत बसा, कारण रोज तेच ते स्क्वॉट आणि पायऱ्या एकट्याने करताना माणूस कंटाळून अर्ध्यावर सोडतो. आणि जेवताना गुडघ्याचा विषय काढू नका; दिवसभर घरात तेवढाच एक विषय असतो, याचा त्याला कदाचित दुखण्यापेक्षा अधिक त्रास होत असेल.