सिंहासन बघताना मला जांभया, बाबा मात्र हसतायत. सत्तेवरचे पिक्चर नक्की बघायचे कसे?

चहाबाज_पुणे
मंडळी, परवा रविवारी बाबांच्या हट्टापायी सिंहासन बघितला. १९७९ चा, ब्लॅक अँड व्हाइट, जब्बार पटेलांचा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला, एवढं माहीत होतं, त्यामुळे आज काहीतरी भारी बघायला मिळणार म्हणून मोबाईल वगैरे लांब ठेवून बसलो. पण खरं सांगतो, अर्ध्या तासात जांभया सुरू. मुख्यमंत्री फोनवर बोलतोय, अर्थमंत्री फोनवर बोलतोय, मग कोणीतरी कोणाच्या घरी जाऊन हळू आवाजात बोलतंय, परत फोन. राडा नाही, धड भाषणं नाहीत. बाबा मात्र (अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेत) अशा जागी हसत होते की जिथे मला हसण्यासारखं काही दिसतच नव्हतं, एकदा तर स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. विचारलं तर म्हणे तुला नाही कळायचं, तू प्रायव्हेटमध्ये आहेस.

आता हल्लीचे राजकारणावरचे पिक्चर घ्या, पांढऱ्या गाड्यांचा ताफा, स्लो मोशन, मागे ढोल, साहेब गाडीतून उतरले की अंगावर काटा येतो, त्यात पॉवर दिसते ना. मग मी चुकतोय कुठे? सत्ता दाखवायची म्हणजे पिक्चरवाल्यांनी दाखवायचं काय?

सातारी_तर्री
भावा, ताफा ही सत्तेची वरात झाली, सत्ता नव्हे. सिंहासन ठेव बाजूला, आधी सामना बघ. तोही जब्बार पटेल आणि तेंडुलकरांचाच, १९७५ ला बर्लिनच्या फेस्टिव्हलला गेलेला. निळू फुले साखर कारखान्याचे हिंदुराव धोंडे पाटील आणि श्रीराम लागू म्हणजे कुठनं तरी येऊन पडलेला दारुडा मास्तर. आता हिंदुराव या मास्तरला हाकलत नाही, मारत नाही, घरी आणतो, खायला प्यायला घालतो, आपण उभं केलेलं सगळं कौतुकानं दाखवतो. आणि मास्तर गावातनं नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल एकच विचारत बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? बस. त्या एका प्रश्नानं एवढा मोठा माणूस हळूहळू कसा उसवत जातो ते बघायचं.

आमच्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कारखाना कुठला ते विचारू नका, पण मी सातवीत असताना आमच्या चुलत्यांनी इलेक्शनला दुसऱ्या पॅनेलचा प्रचार केला. कुणी धमकी दिली नाही हां, उलट लग्नात भेटले तर चेअरमननी स्वतः पाठीवर हात ठेवून विचारलं, कसं काय, बरं आहे ना. फक्त त्या सीझनला आमच्या उसाला तोड आली नाही, म्हणजे कारखान्याची ऊस तोडणारी टोळी आमच्या रानात आलीच नाही. शेजारचं रान मोकळं झालं, त्याच्या पलीकडचं झालं, चिटबॉय (कारखान्याचा उसाच्या नोंदी बघणारा माणूस) बांधावरनं जायचा आणि म्हणायचा आमच्या हातात काय नाय अण्णा, गटऑफिसला विचारा, गटऑफिसवाले म्हणायचे टोळ्याच कमी आल्यात यंदा. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, उसाला तुरे आले, वाळून वजन घटलं, गव्हाचं रान गेलं ते वेगळंच, शेवटी तोडणाऱ्यांना खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री म्हणून वरचे पैसे देऊन एप्रिलच्या उन्हात घालवला कसातरी. कागदावर बघशील तर कुणी काहीच केलेलं नाही. पुढच्या इलेक्शनला चुलते स्टेजवर, फेटा बांधून. आता ह्यात ताफा कुठाय सांग बरं.

खवचट_काकू
वरच्या प्रतिसादाला दहा बदाम. एक गंमत सांगते जी मला दोन्ही पिक्चर लागोपाठ बघितल्यावर कळली. सामनामध्ये निळू फुले सत्तेवर आणि लागूंच्या खिशात दमडी नाही. चार वर्षांनी सिंहासनमध्ये लागू झाले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आणि निळू फुले झाले दिगू टिपणीस, म्हणजे पत्रकार, ज्याला सगळं माहीत आहे आणि ज्याच्या हातात काहीच नाही. दिग्दर्शक तोच, लेखक तोच, नट तेच दोन, फक्त जागा बदलल्या. मुद्दाम केलं की नाही देव जाणे, पण हिंदुरावाचा तो दरारा डोळ्यासमोर असताना दिगूचे खांदे बघा जरा, तोच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. शेवटी दिगूला वेड लागतं ते काही कोणी मारहाण केली म्हणून नाही, सगळं उलटंपालटं होणार होणार म्हणून हा जीव टाकून धावत होता आणि खुर्चीवर शेवटी बसलेला माणूस तोच.

आणि हो, निळूभाऊ मुळात राष्ट्र सेवादलाच्या कलापथकातले, पुण्यात माळी म्हणून नोकरी केलेले. त्यांना पाटील कोणी शिकवला नसावा, खालून बघून बघून पाठ झाला असणार असं आपलं माझं मत.

चहाबाज, तुझे बाबा हसत होते ते बरोबरच आहे रे. साहेबांनी "बघतो" म्हटलं की त्याचे किती अर्थ होतात हे ज्यानं तीस वर्षं ऐकलंय त्याला तो पिक्चर कॉमेडीच वाटणार.

रिकामटेकडा
च्यायला तुम्ही सगळे एका सुरात. मला एक वेगळंच खटकतं. निळू फुलेंचा पाटील इतका झकास झाला की आपण त्याच्या प्रेमातच पडलो. मिमिक्रीवाल्यांनी त्यावर पोटं भरली, गॅदरिंगमध्ये पोरं तो आवाज काढतात आणि बायाबापड्यासुद्धा हसतात, म्हणजे ज्याची भीती वाटायला पाहिजे त्याचा आपण विनोद करून टाकला. यात पिक्चरचा काहीच दोष नाही असं मला नाही वाटत. सामनामधला हिंदुरावही मला तरी मास्तरपेक्षा जास्त आवडतो, खोटं कशाला बोलू.

त्यापेक्षा अर्धसत्य. १९८३, गोविंद निहलानी, हिंदी असला तरी सगळा आपलाच, श्री. दा. पानवलकरांची सूर्य ही कथा, पटकथा परत तेंडुलकर, कविता दिलीप चित्रेंची. त्यात इन्स्पेक्टर वेलणकरचा बाप पोलीस, घरी बायकोला मारणारा. पोरगा बापाचा तिरस्कार करत मोठा होतो आणि नोकरीत जिथे वरच्यांपुढे काही चालत नाही तिथला राग लॉकपमधल्या एका भुरट्या चोरावर काढतो, तो मरतो. मग स्वतःला वाचवायला जातो कोणाकडे तर ज्या गुंड पुढाऱ्याला पकडायला निघाला होता त्याच रामा शेट्टीकडे. शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर तिथे आवाज चढवत नाहीत, निवांत मजा घेत बोलतात. ते बघताना कोणाला हसू येत असेल तर सांगा.

वकीलीण
कोर्ट (२०१४, चैतन्य ताम्हाणे) कोणीच कसा नाही काढला अजून? मी खालच्या कोर्टात बारा वर्षं काढली आहेत आणि पिक्चर बघताना मला पहिल्यांदाच असं झालं की वाटलं मीच तिथे बाकड्यावर फाईल घेऊन बसलेय. एका म्हाताऱ्या शाहिरावर केस, का तर म्हणे त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. त्यात व्हिलनच नाही हो. सरकारी वकीलबाई शाहिराला आत ठेवा म्हणून जोरात आर्ग्युमेंट करते आणि मग लोकलने घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते, वाढते. तिला त्या माणसाचा राग पण नाहीये. जज एका बाईची केसच घेत नाही कारण तिनं बिनबाह्यांचं घातलंय, नियम म्हणजे नियम, पुढची तारीख.

आणि शेवट. कोर्टाला सुट्टी, जजसाहेब रिसॉर्टवर, कोणाच्या तरी न बोलणाऱ्या मुलाला नाव बदला, खडा घाला असले सल्ले देऊन झालेत आणि बाकावर डुलकी लागलीय. पोरं येऊन ओरडतात आणि पळतात, हाताला एक लागतं त्याला थोबाडीत, आणि परत झोप. कोणाकडे किती पॉवर आहे हे मला इतकं स्वच्छ कुठल्याच ताफ्यात दिसलेलं नाही. आमच्या बाररूममध्ये यावर भांडण झालं होतं, एक सीनियर म्हणाले जजची बदनामी आहे, मी म्हटलं सर त्या थपडेत बदनामी आहे की त्यानंतरच्या झोपेत? चहा थंड झाला पण उत्तर नाही आलं :)

सातारी_तर्री
@रिकामटेकडा हसतो कोण ते बघ ना. आमच्या गावात पाटलाची नक्कल पारावर होते, वाड्यासमोर नाही. आणि चुलत्यांसमोर तर कोणीच करत नाही अजून.

फँड्री पिक्चरमधला तो सीन आठवा, अख्खं कुटुंब डुकरामागं धावतंय आणि शाळेतनं राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे ताठ उभे आणि डुक्कर निवांत चाललंय. काय लिहायचं त्यावर, बघा फक्त.

रिकामटेकडा
@सातारी पारावरचा मुद्दा मान्य, अर्धा. हिंदुराव आवडतो यावर मी ठाम आहे.

चहाबाज_पुणे
धन्यवाद सगळ्यांना. काल रात्री सिंहासन परत लावला, या वेळी बाबांना म्हटलं जिथे हसाल तिथे पॉज करा. पहिला तास बघायला अडीच तास लागले. हे बघ, हा काही कबूल न करता सगळं कबूल करतोय, आता हा जाऊन दुसऱ्याला सांगणार की साहेब तयार आहेत, असं चाललेलं. मग मध्येच त्यांनी त्यांच्या एका साहेबांची गोष्ट सांगितली, फाईलवर सही न करता ती आठ महिने नुसती या टेबलावरून त्या टेबलावर फिरवायचे आणि कोणी विचारलं की म्हणायचे "प्रोसेसमध्ये आहे". मी विचारलं ती फाईल कोणाची होती. म्हणाले, माझ्याच प्रमोशनची.

पुढे बघायचा राहिला, झोपायला गेले. बरं, सामनाची जरा बरी प्रिंट कुठे मिळेल? माझ्याकडे आहे त्यात निम्मे संवाद ऐकूच येत नाहीत.