घरीच उभारलेला फोटो बूथ : तुमचे अनुभव लिहा

कवडसा
पडद्याची दांडी शोधायला आज माळ्यावरची जुनी पेटी खाली काढली. दांडी नव्हती, पण आठ मोठे चिमटे निघाले, प्रत्येकाला लाल दोरा बांधलेला. हातात घेतले आणि शिडीवरच बसून राहिले. माझ्या रिसेप्शनच्या फोटो बूथचे चिमटे! नऊ वर्षं झाली.

बूथ धाकट्या भावाने उभारला होता, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. दोन स्टँड, वर आडवा पाइप, पाइपवर गडद निळं कापड. तिवईवर कॅमेरा, पांढऱ्या छत्रीतून एक फ्लॅश, आणि लांब वायरचं बटण, जे पाहुण्यांनी स्वतःच दाबायचं. लाल दोरा अशासाठी, की हॉलच्या चिमट्यांत आपले मिसळायला नकोत.

त्या रात्री ३४२ फोटो निघाले. आज दुपारभर सगळे परत बघितले आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, तो त्यात कुठेच नाही. संध्याकाळभर तो छत्रीमागे उभा होता. मग ‘टेस्ट’ नावाचं एक फोल्डर दिसलं, जे मी कधी उघडलंच नव्हतं. हॉल रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आणि तो एका हातात झाडू उभा धरून. झाडूला स्वतःचा कोट अडकवलेला, म्हणजे शेजारी दुसरं कुणी उभं असल्यासारखं. असे ११ फोटो. पहिला पार काळा, तिसऱ्यात चेहरा पांढराफटक, सातव्यापासून जरा दिसायला लागतो. अकराव्यात उजेड बरोबर बसला आणि तो हसलाय.

माझ्या लग्नातले त्याचे फोटो एवढेच.

कुणी असा बूथ केला असेल तर लिहा ना. काय जमलं, काय अडलं, कोण फोटोत आलं, कोण राहून गेलं.

टिपकागद
कागद मोजा!! आधी हेच सांगते. आम्ही छोटा डाय-सब प्रिंटर (रंगाच्या पट्टीवरून उष्णतेने कागदावर रंग चढवणारा) लावला होता. आमच्या मशीनच्या ट्रेमध्ये एका वेळी १८च कागद मावायचे, आणि रंगाची पट्टी संपली की उरलेल्या कागदाचा काही उपयोग नाही, दोन्ही जोडीनेच संपतात. एका फोटोला साधारण एक मिनिट. हिशोब करा, तासाला फार तर ६०. आम्ही प्रत्येकाच्या दोन प्रती काढायच्या ठरवल्या होत्या, एक पाहुण्याला, एक वहीत चिकटवायला. म्हणजे तासाला ३०च घोळके. अर्ध्या तासात रांग दारापर्यंत गेली.

आणि तो कागद चार वेळा आतबाहेर होतो. आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, शेवटी पारदर्शक थर. पिवळा बाहेर डोकावला की लोकांना वाटतं झाला, आणि ओढायला जातात. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला तिथे उभं केलं होतं. तो प्रत्येक फेरीला मोठ्याने सांगायचा, ‘थांबा, अजून निळा यायचाय!’ त्याला त्या दिवशी जेवढा मान मिळाला तेवढा नवऱ्या मुलालाही नसेल मिळाला :)

मशीनमधले कपडे वाळत घालून येते.

आजीचा चष्मा
कवडसा, वाचून घसा दाटला. भावाला फोन करा आजच.

आमच्याकडे मोठा रिंग लाइट होता. दिसायला छान, पण चष्मेवाल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर दोन पांढरी कडी. आमच्या सासूबाई एरवी फोटोला उभ्याच राहत नाहीत, त्या दिवशी स्वतःहून आल्या आणि डोळेच दिसले नाहीत. अजून वाईट वाटतं.

सुतारपक्षी
@आजीचा चष्मा, दिवा डोक्याच्या वर नेऊन थोडा खाली झुकवायचा, आणि एका बाजूला सरकवायचा. मग चष्म्यावरून परतणारा उजेड खाली जमिनीकडे जातो, कॅमेऱ्यात येत नाही. रिंग लाइट कॅमेऱ्याभोवतीच असतो म्हणून त्याची कडी हमखास दिसतात.

कवडसा ताई, तुमच्या भावाने झाडू उभा केला ते अगदी योग्य केलं. एका माणसावर उजेड बघून भागत नाही. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. दिवा अगदी जवळ ठेवला तर पुढचा माणूस पांढरा आणि मागच्या रांगेतला काळा. दिवा मागे न्यायचा, ताकद वाढवायची, म्हणजे पुढच्या-मागच्यातला फरक कमी होतो. मी तीन बहिणींच्या रिसेप्शनला बूथ लावले, पहिल्या वेळी हे माहीत नव्हतं. मागे उभे असलेले सगळे मामा अंधारात गेले.

बाकी जे मला जमलं ते असं. लोक आणि पडदा यांत निदान दीड मीटर अंतर, नाहीतर सावली पडद्यावर पडते आणि कापडाची प्रत्येक सुरकुती दिसते. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ, इथेच उभं राहायचं. कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर: लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, आणि फ्लॅशची ताकद त्यावर जुळवायची. एफ/८ मुळे दोन रांगा स्पष्ट येतात. फोकस त्या रेघेवर एकदा नक्की करून ऑटोफोकस बंद, आणि लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी. ही शेवटची चिकटपट्टी विसरू नका. एका लहान मुलाने कडं फिरवलं आणि पुढचे चाळीस फोटो धूसर आले. त्यात माझ्या आत्याचे होते. ती फार लांबून आली होती.

रातराणी
लाल दोरा!! आमच्या घरी चार्जरना निळा दोरा. सहा माणसं, सगळ्यांचे चार्जर सारखे.

भिंगरी
आम्ही नेलपॉलिशचा ठिपका देतो. पुसला जात नाही.

रातराणी
भिंगरी, हे भारी आहे. कोणता रंग? काळ्या वायरवर कुठला उठून दिसतो?

भिंगरी
चंदेरी. बरं धाग्यावर येते. आम्ही प्रिंटर वगैरे नाही, इन्स्टॅक्स मिनी (लगेच छापील फोटो बाहेर काढणारा कॅमेरा) ठेवला होता. एका पाकिटात १० फिल्म, त्यामुळे टेबलाखाली पाकिटांची चळतच होती. फोटो बाहेर आला की सगळे हलवायला लागतात, वाळवायला. गरजच नाही, चित्र प्लास्टिकच्या आत तयार होतं, हवा लागतच नाही. टेबलावर नुसतं ठेवायचं, दीडेक मिनिटात उमटतं. आम्ही पाटीच लावली: हलवू नका, तेवढ्यात वहीत दोन ओळी लिहा.

हे फार छान झालं बघा. फोटो उमटेपर्यंत करायला काही नसतं, म्हणून लोकांनी खरंच लिहिलं. माझे बाबा पत्र लिहिणारे नाहीत, फोनवरही ‘बरं, ठेवतो’ एवढंच. त्यांनी पाऊण पान लिहिलंय. फोटो त्यांचा तिरका आला, अर्धा कान कापला गेलाय. त्या पानाला मी कुणाला हात लावू देत नाही.

वाटसरू ७
फोन वापरणार असाल तर. ब्लूटूथचं बटण म्हणजे फोनला आवाजाचं बटण दाबल्यासारखं असतं, कॅमेरा ॲप उघडं असलं तरच फोटो निघतो. आमचा फोन मित्राचा होता आणि सगळे त्यालाच शोधत होते. प्रत्येक कॉलला कॅमेरा गायब, आणि लोक बटण दाबून हसत उभे. दीड तासात फक्त १९ फोटो आले. एअरप्लेन मोड लावा, मग ब्लूटूथ पुन्हा वेगळं चालू करा. स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा. चार्जर जोडलेलाच ठेवा.
त्या दीड तासात आमची सगळी कॉलेजची टोळी आली होती. नंतर तशी एकत्र कधी आलीच नाही. असो. बसच्या स्टँडवर आलो, लिहितो नंतर.

टिपकागद
आले. वाटसरू, वाईट वाटलं वाचून. कुणाकडे तरी त्या दिवशीचे साधे फोटो असतील, गटावर विचारून बघा.

अजून एक राहिलं. लोक लेन्सकडे बघतच नाहीत, स्क्रीनमध्ये स्वतःला बघतात. सगळ्यांची नजर खाली. आम्ही लेन्सच्या बाजूला कागदाचे दोन मोठे डोळे चिकटवले. तेव्हापासून बरोबर बघायला लागले.

मधली खिडकी
माझे काका चाकाच्या खुर्चीत असतात. बूथ सुंदर होता, पण कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधून टाकलेला. काकांच्या प्रत्येक फोटोत वरून दिसणारं टक्कल आणि शेजारच्यांची पोटं. कुणी मुद्दाम केलं नाही हे कळतं, तरी घरी येऊन त्यांनी तो फोटो खिशातून काढला, बघितला आणि परत ठेवला, ते मला विसरता येत नाही.

माझ्या लग्नात मी तिवईवर दोन खुणा केल्या, एक उभ्यांची, एक बसलेल्यांची. लहान मुलांनाही खालचीच चालते. कापड जमिनीपर्यंत सोडलं आणि पुढेही पसरलं, म्हणजे खुर्ची आत आली तरी कड दिसत नाही. फक्त चाकाखाली कापड गोळा होतं, म्हणून कडा चिकटपट्टीने घट्ट बसवायच्या. काकांनी सात फोटो काढून घेतले. एकात माझा पुठ्ठ्याचा मुकुट त्यांच्या डोक्यावर आहे.

आजीचा चष्मा
सात! वा काका!

रातराणी
मुकुट-मिशा यांवरून आठवलं, आमच्या वहिनीने कागदी मिशा बांबूच्या काड्यांवर लावल्या होत्या. टोकं कापायची राहिली आणि एका मुलाच्या डोळ्याजवळ गेली. काही झालं नाही, पण वहिनी रडायला लागली. टोकं कापून वर चिकटपट्टी गुंडाळा. सगळ्या काड्यांना.

निळी छत्री
लेकीने मध्यंतरी विचारलं, हे बूथ पहिल्यांदा कुणी काढलं, म्हणून शोधलं होतं. आनातोल जोसेफो नावाचा सैबेरियातून आलेला माणूस. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याने ‘फोटोमॅटन’ सुरू केला. २५ सेंटमध्ये आठ फोटोंची पट्टी, आठेक मिनिटांत हातात. लोकांनी रांगा लावल्या आणि १९२७ मध्ये त्याचे हक्क दहा लाख डॉलरला विकले गेले.

पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. आपोआप फोटो काढणारं यंत्र, तरी शेजारी पांढरे हातमोजे घातलेला माणूस उभा असायचा, उजवीकडे बघा, डावीकडे बघा, आता कॅमेऱ्याकडे, असं सांगायला. कवडसा, तुझं वाचताना तोच आठवला. हजारो पट्ट्या निघाल्या असतील आणि तो एकीतही नसेल.

सुतारपक्षी
हे माहीत नव्हतं. धन्यवाद निळी छत्री.
मी तिन्ही बहिणींच्या फोटोंत नाही, आत्ता बघितलं. तिसरीच्या लग्नात एकदा पडद्यावर माझी सावली आलीये.

भिंगरी
सुतारपक्षी :( चौथी बहीण आहे का? तिच्या वेळी दर तासाला बटण दुसऱ्याकडे द्या आणि स्वतः रेघेवर उभे राहा. आमच्याकडे चुलतभाऊ तीन होते, एकेक तास वाटून घेतला. तिघेही वहीत आहेत.

नवी पालवी
सगळं वाचलं, खूप उपयोग झाला. परवा माझ्या ताईचं रिसेप्शन, बूथ माझ्याकडे. बूथ कुठे लावू? हॉलवाले म्हणतात मागच्या कोपऱ्यात लावा, तिथे प्लग आहे. पण तो कोपरा स्पीकरच्या मागे आहे.

सुतारपक्षी
कोपऱ्यात नको. तिथे कुणी येत नाही, आणि स्पीकरच्या धक्क्याने स्टँड थरथरतो. स्टेजकडे जाणारी रांग जिथे रेंगाळते तिथे लावा, पण रांगेच्या वाटेत नाही. दुसऱ्यांना बघूनच लोक येतात. लांब एक्स्टेन्शन न्या, वायर भिंतीच्या कडेने, आणि जिथे वाट ओलांडते तिथे पूर्ण लांबीवर चिकटपट्टी. स्टँडच्या पायांवर वजन ठेवा, वाळूची पिशवी नसेल तर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बांधा. आदल्या रात्री सगळं घरी एकदा उभं करा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या किती आहेत?

नवी पालवी
दोन.

सुतारपक्षी
स्क्रीन सतत चालू राहणार, दोन पुरतीलच असं नाही. बॅटरीच्या जागी बसणारा अडॅप्टर कुणाकडून मिळाला तर बघा. नाहीतर एक चार्जरवर, एक कॅमेऱ्यात.

मधली खिडकी
आणि तू कधी उभी राहणार फोटोत, ते आजच ताईशी ठरव, पालवी. गडबडीत राहून जाईल.

नवी पालवी
ठरवलं. सुरुवातीलाच, पाहुणे यायच्या आधी. पहिला फोटो आम्हा दोघींचा.

वाटसरू ७
टिपकागद, तुमचं ऐकून गटावर विचारलं. एकाने आत्ताच एक पाठवलाय. हलला आहे, पण सगळे आहेत त्यात, नऊच्या नऊ.

टिपकागद
अय्या! किती बरं वाटलं.

कवडसा
सगळ्यांचं वाचतेय, कामं तशीच पडलीत. चाकाच्या खुर्चीतले काका आणि भिंगरीच्या बाबांचं पाऊण पान दोनदा वाचलं.

भावाला अकरावा फोटो पाठवला. लिहिलं की हा मी फ्रेम करून आणणार आहे, झाडूसकट. बराच वेळ काही उत्तर नाही. मग चिमट्यांचा फोटोही पाठवला.

आत्ता त्याचं उत्तर आलं: ‘आठच? ताई, दहा होते.’

टिपकागद
माळ्यावर परत बघा :)

कवडसा
शिडी लावलीये.