मदत हवी आहे: वडिलांना डीपफेक (एआयने बनवलेला नकली) व्हिडिओ खोटा आहे हे कसं पटवायचं?

वडील एसटीत कंडक्टर होते, रिटायर्ड आहेत. त्यांना व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आलाय, अर्थमंत्री निर्मला सीतारामन कुठल्यातरी गुंतवणुकीतून महिन्याला लाखो रुपये मिळतील असं सांगतायत. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने असे व्हिडिओ बनावट असल्याचं आधीच सांगितलंय, ते दाखवलं पण बाबा व्हिडिओ थांबवून डोळ्यांवर बोट ठेवतात, म्हणतात बघ किती सरळ बघून बोलतायत, खोटं बोलणारा माणूस नजर चोरतो, मी आयुष्यभर बिनतिकीटवाले चेहऱ्यावरून ओळखलेत.

नजर चोरणं ही खोटेपणाची खूण नाही हे मला माहितीये. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले त्यात नुसतं बघून-ऐकून खरंखोटं ओळखणारे लोक सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाले, म्हणजे छापा-काटाच जवळपास. हे सांगितलं तर बाबा दुखावले, त्यांना वाटलं मी त्यांचा अनुभवच नाकारतेय. ओठ आणि आवाज जुळत नाही हेही दाखवलं, तर म्हणे नेट स्लो असेल.

पैसे अजून भरलेले नाहीत, सायबर फसवणुकीसाठीची १९३० हेल्पलाइन माहिती आहे. फोन काढून घेणं, गुपचूप ॲप लॉक करणं हे मला करायचं नाही, त्यांचा मान राहिला पाहिजे. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही.

तर, घरी बसून दोघांनी करून बघता येईल असा एखादा खेळ किंवा मराठीतला व्हिडिओ आहे का, ज्यात चेहरा बघून आपण कसे फसतो ते त्यांचं त्यांनाच कळेल?