अनुभव धागा: तुमच्या नाल्याला हे नाव कसे पडले?

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला ओढा म्हणतात त्याला आपण नागपूरकडे नाला म्हणतो. शहरात या शब्दाला सांडपाण्याचा वास चिकटला, आणि नाल्यालाही स्वतःचे नाव असते हे आपण विसरत चाललो आहोत. ज्या शहराने आपले नावच लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघणाऱ्या एका नागमोडी नदीवरून घेतले, त्या शहरात असे व्हावे याचे मला वाईट वाटते. म्हणून हा धागा काढत आहे आणि सुरुवात माझ्यापासून करतो.

शहराच्या पश्चिमेला आमचा लेआउट शेतजमिनीवर पडला. वडिलांच्या खरेदीखतातील चतुःसीमेत ‘पश्चिमेस नाला’ एवढाच उल्लेख आहे. परंतु ती जमीन पूर्वी वाहणारे शेतकरी आबाजी त्याला ‘मुका नाला’ म्हणत. मी दहा वर्षांचा असताना कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मुका आहे थो. पानी आल्याचं सांगत नाही.” त्या नाल्याच्या तळाशी दगडगोटे नव्हते, नुसती काळी माती होती, त्यामुळे वर पाऊस झाला तरी पाणी खळखळ न करता चढत असे आणि काठावर बसलेल्या गुराख्याला ते पायाशी आल्यावरच कळे. पुढे नाल्यावर स्लॅब पडला आणि नाव बोलण्यातून गेले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा आमच्या घरात कोणालाही पाण्याचा आवाज आला नाही. आईचा हात खाटेखाली गेला आणि तो ओला झाला, तेव्हा आम्ही उठलो. आबाजींनी सांगितलेले नाव मला त्या अंधारात आठवले.

आपापल्या नाल्याचे नाव लिहावे, आणि ते कोणाकडून ऐकले तेही लिहावे, एवढीच विनंती आहे. कथा ऐकीव असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, कारण नावावरून कथा रचली जाणे हे कथेवरून नाव पडण्याइतकेच सामान्य आहे.

सावनेरकडून

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागात खेकरानाला नावाचे धरण आहे. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीला ‘खेकरा’ हे एखाद्या गावाचे किंवा घराण्याचे नाव वाटत होते. आपल्याकडे खेकड्याला खेकरा म्हणतात, एवढे सांगितल्यावर तिला सारे उमगले. त्या विशिष्ट नाल्याला नाव कोणी दिले हे सांगणारा मला भेटलेला नाही. मात्र मृगाच्या पहिल्या पावसानंतर आमच्या शिवारातील प्रत्येक नाल्याच्या काठावर बिळांतून खेकरे बाहेर पडत आणि आम्ही मुले कंदील घेऊन जात असू, त्यामुळे या नावासाठी वेगळी कथा शोधावी असे मला कधी वाटले नाही.

नागपूर, महाल

आमच्याकडे हत्तीनाला हे नाव ऐकत मी मोठी झाले. भोसल्यांचे हत्ती तेथे पाण्यावर नेत असत असे आजी सांगायची. तिनेही ते ऐकलेलेच होते.

भिवापूरकडून

आमच्या भागातील मिरची सर्वांना ठाऊक आहे, पण मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर बसून देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांचे काय होते ते फार थोड्यांना ठाऊक असेल. माझी आई वीस वर्षे सातऱ्यावर जात होती. संध्याकाळी घरी परतताना सगळ्या जणी वाटेतल्या नाल्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसत, आणि त्या नाल्याला ‘आग्या नाला’ म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटते की तेथे आग्या वेताळ दिसत असेल. गावातील तरुण मुलेही आता हीच गोष्ट सांगतात, आणि सांगायला ती जास्त रंगतदार आहे हे मी मान्य करते. आईचे म्हणणे मात्र साधे होते: आम्ही आमच्या हाताची आग तेथे सोडून येत असू, म्हणून तो आग्या. ती असेही सांगायची की पाण्याने आग लगेच शमत नाही, उलट पहिल्यांदा भडकते, आणि म्हणूनच घरी जाऊन लेकराला उचलण्याआधी बराच वेळ तेथे बसावे लागे. वेताळाची गोष्ट पुढे टिकेल आणि या बायांची विसरली जाईल अशी मला भीती वाटते, म्हणून हे लिहिले.

उत्तर नागपूर

येथे नावे जपण्याबद्दल सारे बोलत आहेत, म्हणून थोडा संकोच बाजूला ठेवून लिहितो. आमच्या वस्तीमागच्या नाल्याचे नाव जातिवाचक आहे आणि ते मी येथे लिहिणार नाही. पावसाळ्यापूर्वीच्या सफाईच्या यादीत ते दर वर्षी छापून येते आणि दर वर्षी आमच्या मुलांना वाचावे लागते. वस्त्यांची आणि रस्त्यांची अशी नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तरीही लोकांच्या तोंडून आणि यादीतून आमच्या नाल्याचे नाव गेलेले नाही. हे नाव काठावर राहणाऱ्यांनी दिलेले नव्हते. माझी आजी आणि तिच्या बरोबरीच्या बाया त्याला ‘निंबाचा नाला’ म्हणत, कारण कपडे धुण्याच्या जागेवर निंबाचे मोठे झाड होते. आम्ही अर्जात हेच नाव सुचवले आहे.

*धागाकर्ता:* आपण हे लिहिले याबद्दल मनापासून आभार. ज्या नावाने माणूस हिणवला जातो ते जुने आहे म्हणून जपावे, असे मला मुळीच वाटत नाही. नाव कोणी दिले हा प्रश्न मी वरती विचारला होता, त्याचे खरे महत्त्व आपल्या लिहिण्यामुळे मला कळले.

उमरेड तालुक्यातून

माझ्या सासरच्या गावाबाहेर एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यात पाय बुडण्याइतकेही पाणी नसते आणि श्रावणात बैलबंडी अडते. आमच्या आजेसासूबाईंना नववा महिना असताना त्यांना बंडीतून माहेरी नेत होते, पण नाल्याला पूर होता. पलीकडे दाई, अलीकडे या, आणि मध्ये पाणी. शेवटी काठावरच्या मोहाच्या झाडाखाली, बंडीला लुगड्याचा आडोसा करून, त्या बाळंत झाल्या. पूर ओसरला तो दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून लोक त्याला ‘बाळंतीण नाला’ म्हणू लागले. त्या वेळी जन्मलेली मुलगी म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. आत्याबाई म्हातारपणीही तो नाला ओलांडताना पाण्याला हात लावून कपाळाशी नेत असत.

काही वर्षांपूर्वी नाल्यावर रपटा झाला आणि त्याच्या पाटीवर ‘बालाजी नाला’ असे आले. आमच्या गावात बालाजीचे मंदिर नाही. लिहिणाऱ्याला मूळ नाव पाटीवर बरे दिसणार नाही असे वाटले की ऐकण्यात चूक झाली, हे आम्हाला कळले नाही. आता शाळेतील मुले बालाजीची एक कथाही सांगू लागली आहेत.

निवृत्त महसूल कर्मचारी, नागपूर

उमरेडच्या ताईंसाठी लिहितो. आपल्या विदर्भात प्रत्येक गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ आणि १६५ मध्ये या दोन्हींची तरतूद आहे. गुरे कोठे चारायची, पाणी कोठे पाजायचे, मासे कोणी धरायचे, असे गावाचे वहिवाटीचे हक्क त्यांत लिहिलेले असतात, आणि ते लिहिताना नाल्याचा उल्लेख अनेकदा गावातल्या नावाने येतो. नावे कागदावर कशी बदलतात ते मी नोकरीत रोज पाहिले. गोरेवाड्याकडून येणारी आपली नदी कोणी पिवळी लिहितो, कोणी पिली. दक्षिणेकडची कोठे पोहरा असते, तर कोठे पोरा. पोहरा म्हणजे विहिरीतून पाणी शेंदण्याचे भांडे, पोरा म्हणजे काय ते ज्याने त्याने ठरवावे. एक अक्षर गळले की अर्थच वाहून जातो. आपण दोन्ही कागदांची नक्कल मागावी.

उमरेड तालुक्यातून

काका, आपण सांगितल्याप्रमाणे नक्कल मागितली आणि ती मिळाली. गुरांच्या पाण्याच्या नोंदीत ‘बाळंतीन नाला’ असे लिहिलेले आहे, ‘ण’च्या जागी ‘न’ आहे एवढेच. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो कागद वाचून दाखवला. पाटी अजून तीच आहे. सासूबाईंनी मात्र त्या नकलेची एक प्रत आत्याबाईंच्या फोटोमागे ठेवून दिली आहे.